आलापल्ली–भामरागड रस्ता आणि त्यावरची एसटी : पावसाळ्यासकट रिव्ह्यू

हेमलकसा किंवा भामरागडला जायचं ठरलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो रस्ता कसाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आरोग्याच्या कामामुळे माझं दक्षिण गडचिरोलीत जाणं-येणं असतं, कधी एसटीने कधी बाइकने, आणि भर पावसाळ्यात पण. हे आधी सांगतो कारण नेटवर ह्या रस्त्याचं जे कौतुक वाचायला मिळतं ते बहुतेक डिसेंबर-जानेवारीतलं असतं, दोन्ही बाजूला साग, मस्त ऊन, काळा कुळकुळीत रोड. ते खोटं नाहीये, पण त्या भागातल्या माणसाला रस्त्याची खरी गरज जुलै-ऑगस्टमध्ये पडते, त्यामुळे मार्क पण त्याच महिन्यांवर द्यायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी साधी माहिती. आलापल्लीहून भामरागड साधारण 60-65 किलोमीटर, वाटेत पेरमिली, ताडगाव, मग हेमलकसा, आणि तिथून पुढे थोड्याच अंतरावर पर्लकोटा नदी ओलांडली की भामरागड गाव. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग 130डी आहे, जो पुढे लाहेरी, बिनागुंडावरून छत्तीसगडातल्या अबूझमाडच्या डोंगराळ जंगलात शिरून नारायणपूर, कोंडागावला जातो. महामार्ग हा शब्द ऐकून समृद्धी डोळ्यासमोर आणू नका, जंगलातला रोड आहे, वळणं आहेत, गुरं रस्त्यावर बसलेली असतात, काही पट्टा नवीन झालाय आणि तिथे गाडी छान चालते, काही ठिकाणी गिट्टी उखडलेली आहे आणि साइडपट्टी खचलेली आहे, समोरून ट्रक आला की बाइकवाल्याने सरळ खाली उतरायचं.

आता एसटी. एसटीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. लाल डबाच असतो, खिडक्या वाजतात, पण तो भामरागडला जातो हेच मोठं आहे. मागच्या वेळी पेरमिलीच्या पुढे एका फाट्यावर एक माडिया (इथली आदिवासी जमात) आजी चढली, डोक्यावर बांबूची टोपली, त्यात वाळवलेली मोहफुलं, सोबत दहा-बारा वर्षाची नात. कंडक्टरने टोपली स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागे ठेवली आणि विचारलं, "आजी, आधार आहे का?" आजीला मराठी फार समजत नसावं, नातीने आजीच्या पदराच्या गाठीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून दिलं, कंडक्टर बघून म्हणाला "पंचाहत्तर झालेत आजीचे, यांना तिकीट नाही लागत" आणि नातीचं हाफ फाडलं. 75 च्या पुढच्यांना मोफत प्रवास 2022 पासून आहे आणि बायकांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून, पुण्या-मुंबईत ह्यावर लोक वाद घालत बसतात, पण इथे ज्या घरात वर्षाचा रोख पैसा म्हणजे तेंदूपत्ता आणि मोह, तिथे बाजाराला जायचं की नाही हे त्या अर्ध्या तिकिटावर ठरतं. शाळेच्या मुलींसाठी मानव विकास योजनेच्या निळ्या बस आहेत त्यांचं पण तसंच, बस आली तर मुलगी दहावीला बसते, नाही आली तर घरीच राहते. काळी-पिवळी पण चालतात पण त्या भरल्याशिवाय हलत नाहीत आणि भरल्या म्हणजे टपावर पण माणसं.

आता पावसाळा. ह्या रस्त्याची अडचण डांबर नाहीच, अडचण नाल्यांची आहे. जुने रपटे (नाल्यावरचे बसके पूल) ठेंगणे, म्हणजे मुसळधार झाली की दोन-तीन तासात पाणी वरून जातं, दोन्हीकडे गाड्यांची रांग लागते आणि लोक पाणी उतरायची वाट बघत बसून राहतात. मोठे पूल व्हायला लागले तेव्हा कामासाठी बाजूने मुरूम टाकून तात्पुरते डायव्हर्जन केले, आणि मुरूम तो मुरूमच, पहिल्या मोठ्या पावसात वाहून गेला. 2024 च्या जुलैमध्ये कुडकेलीजवळ हेच झालं आणि एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये उभं करून नाला पार करावा लागला, तो व्हिडिओ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. लोकांनी जेसीबीवाल्याचं कौतुक केलं ते बरोबरच आहे, त्याच्यामुळे ती दवाखान्यात पोचली. पण मला त्यात वेगळंच दिसतं. पुलाचं काम चालू असताना पावसाळा येणार हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही, मग पाइप टाकून नीट पक्का वळणरस्ता करणं हा त्याच कामाचा भाग धरायला पाहिजे होता. काम चालू आहे हे कारण इथे चालत नाही, कारण इथे दुसरा रस्ताच नाही.

आणि शेवटी पर्लकोटा. हे जरा समजून घ्या. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या एकत्र येतात. तिकडे छत्तीसगडात जोराचा पाऊस झाला की इंद्रावती फुगते आणि मग पर्लकोटाचं पाणी पुढे सरकतच नाही, मागे तुंबतं, म्हणजे भामरागडात ऊन पडलेलं असलं तरी जुना पूल पाण्याखाली जाऊ शकतो आणि बाजारपेठेत दुकानात पाणी शिरतं. जुना पूल कमी उंचीचा, म्हणून दरवर्षी पुराच्या बातमीत एकच वाक्य असतं, भामरागडचा संपर्क तुटला. 2025 च्या पावसाळ्यात पण तेच. पुलाच्या पलीकडे तालुक्याचं अख्खं गाव आणि त्याच्या मागे डोंगरातली गावं, ती सगळी एका दमात कट होतात. शेजारी नवीन उंच पुलाचं काम काढलंय आणि सगळ्या तालुक्याचा जीव त्यात अडकलाय. माझ्या लेखी ह्या पूर्ण रस्त्यावर सर्वात महत्त्वाचं काम हेच, बाकी 60 किलोमीटर सोन्याचे केले तरी हा पूल बुडत असेल तर पलीकडच्या माणसाला त्याचा काय उपयोग.

तोपर्यंत लोक काय करतात तर तयारी करतात, आणि ती बघून खरंच हात जोडावेसे वाटतात. आतल्या गावांना पावसाळ्याआधीच काही महिन्यांचं रेशन पोचवून ठेवतात. दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच आणून दवाखान्याजवळच्या माहेरघरात ठेवतात. आशाताई प्रत्येक गरोदर बाईची तारीख पाठ ठेवते आणि पाऊस बघून ठरवते कोणाला कधी हलवायचं, कधी कधी घरचे नाही म्हणतात कारण धानाची रोवणी चालू असते, घरात दुसरी लहान मुलं असतात, तर ती परत परत जाते. एवढं करून पण एखादी राहून जातेच, मग खाटेला दोरी बांधून बांबूवर घेऊन चौघं निघतात. लाहेरीच्या पुढे बिनागुंडाकडे अजूनही हे चालू आहे.

रस्ते एवढे उशिरा का, ह्याचं एकच उत्तर नाही. नक्षली रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळायचे, त्यामुळे ठेकेदार टेंडरच भरायचे नाहीत, 1 मे 2019 ला कुरखेड्याकडे रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली आणि त्याच दिवशी जांभूळखेड्याजवळ स्फोटात 15 जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. वनखात्याची परवानगी हे दुसरं कारण सांगतात, पण ते मला पूर्ण पटत नाही, कारण वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावच्या रस्त्यासाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं पडायला नकोत एवढी अट. लहान मोरी, लहान रपटा उंच करणं, पाड्यापर्यंतचा अर्धा किलोमीटर, हे त्यात आरामात बसतं. पीएम-जनमन 2023 मध्ये आली त्यात तर माडियांसारख्या आदिम जमातींच्या 100 वस्तीच्या पाड्यापर्यंत रस्ता द्यायचा आहे. म्हणजे सोय आहे, पाठपुरावा करणारा पाहिजे.

बदल होतोय हे पण लिहायलाच पाहिजे. एटापल्ली तालुक्यात गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी हा 32 किलोमीटरचा रस्ता झाला आणि 1 जानेवारी 2025 ला अहेरी–गर्देवाडा बस सुरू झाली. त्याच वर्षी धानोऱ्यात काटेझरीला आणि इकडे भामरागड तालुक्यात मरकणारहून अहेरीला बस सुरू झाली. पहिली बस आली तेव्हा लोक हातात तिरंगा घेऊन उभे होते. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी हे व्हावं ह्याचं वाईट वाटतं, आणि झालं ह्याचा मनापासून आनंद पण होतो.

पण एक गोष्ट, जी तिथल्या लोकांकडून ऐकायला मिळते आणि शहरात कोणी सांगत नाही. रस्ता पाहिजे म्हणजे कुठलाही रस्ता पाहिजे असं नाही. 2023 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला माडिया लोक कित्येक महिने आंदोलनाला बसले होते, त्यांना दवाखाना, शाळा, पाणी सगळं पाहिजे होतं, पण खाणीचे ट्रक जाणारा रुंद रस्ता नको होता. त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. सुरजागडच्या लोहखाणीतल्या खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने जातात त्याच्या कडेला राहून बघा, घरात धूळ, पोरांना शाळेत पाठवायची भीती. कुठला नाला आधी बांधायचा हे ग्रामसभेला विचारलं तर ते बरोबर सांगतील, कारण कुठे माणूस वाहून गेला हे त्यांनाच माहीत असतं.

तर माझं रेटिंग असं. एसटीला 5 पैकी 5. रस्त्याला नोव्हेंबर ते मे 4, जून ते सप्टेंबर दीड, आणि तो दीड पण त्या ड्रायव्हर लोकांमुळे जे पाणी बघून गाडी थांबवतात, प्रवासी कितीही ओरडले तरी रपट्यावर घालत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी : टाकी आलापल्लीतच फुल करा, कॅश ठेवा, मोबाइलचं नेटवर्क मध्ये मध्ये जातं. परतीच्या बसची वेळ डेपोत विचारूनच निघा. पावसाळ्यात फक्त फिरायला म्हणून जाऊ नका, अडकलात तर गावातलं मोजकं रेशन आणि दवाखान्यातली जागा तुम्ही घेणार. आणि बसमध्ये कोणी टोपली घेऊन चढलं तर पाय जरा आत घ्या, त्यात त्यांचा महिन्याचा बाजार असतो.