स्वतः बांधलेले घर आणि त्यामागचे कर्ज : 14 महिन्यांचा अनुभव

अमेरिकेचे कृषी खाते छोट्या गावांत घरासाठी थेट कर्ज देते, हे आम्हालाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. 1949 च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम 502 खाली हे कर्ज मिळते आणि कलम 523 खालील अनुदानातून एखादी स्थानिक संस्था कुटुंबांचे गट करून त्यांच्याकडून घरे बांधून घेते. आमच्या गटात 8 कुटुंबे होती. आम्हाला राहायला येऊन 14 महिने झाले.

आकडे पाहता असे कर्ज बँकेत मिळणे कठीण. डाउन पेमेंट सहसा लागत नाही, मुदत 33 वर्षांची असते, उत्पन्न फारच कमी असल्यास ती 38 पर्यंत वाढू शकते आणि हप्त्यातील सवलत धरल्यास प्रत्यक्ष व्याजदर 1 टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतो. मात्र उत्पन्न त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेतच असावे लागते.

डाउन पेमेंटची जागा येथे श्रम घेतात. बांधकामातील सुमारे 65 टक्के मजुरी कुटुंबांनी स्वतः करायची असते. पाया, वीज आणि नळकाम ठेकेदारांकडे होते. भिंतींचे लाकडी सांगाडे, खिडक्या, इन्सुलेशन, रंग आणि फरशी आमच्याकडे. नोकरी सांभाळून आम्ही दोघे मिळून आठवड्याला 30 तासांहून अधिक काम करत होतो आणि प्रत्येक तासाची नोंद होत होती. सगळ्यांची घरे पूर्ण होईपर्यंत कोणीही राहायला जायचे नाही, हा नियम सुरुवातीला जाचक वाटला. पण शेजाऱ्याचे छप्पर आपल्या छपराइतक्याच निगुतीने केले जाते ते याच नियमामुळे, असे आता ठामपणे वाटते. पाळ्यांमध्ये नोकरी करणाऱ्या एका कुटुंबाची या तासांपायी फार ओढाताण झाली. तेव्हा व्याजाचा हिशेब करण्याआधी आपल्या घरातल्या तासांचा हिशेब मांडावा, असे मी कळकळीने सांगेन.

राहायला आल्यानंतर दोन गोष्टी उमगल्या. व्याजदर कायम असला तरी मालमत्ता कर आणि विमा वाढल्याने आमची दरमहा भरायची रक्कम वाढली. सवलतही कायमची नसते. उत्पन्नाची वेळोवेळी फेरतपासणी होते आणि पगार वाढला की ती घटते. शिवाय घर विकताना किंवा तेथे राहणे सोडताना, घराची किंमत वाढलेली असल्यास, मिळालेल्या सवलतीचा काही भाग परत करावा लागतो. सह्या करण्यापूर्वी कागदपत्रांतील हा भाग दोनदा वाचावा. आम्ही तो घाईत वाचला होता.

गेल्या हिवाळ्यात मागच्या खिडकीतून वारा येऊ लागला, तेव्हा चौकटीच्या कोणत्या बाजूला फोम कमी पडला असेल हे आम्हाला लगेच आठवले, कारण तो आम्हीच भरला होता. दुरुस्ती एका दुपारीत झाली आणि गटातील शेजारी शिडी घेऊन न बोलावताच आले.