पायपेटी करून देणारे मेस्त्री, कुडाळकडे: पाचपैकी साडेचार

आधी हिशोब सांगतो. पेटी, म्हणजे हार्मोनियम, माझीच, साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर-मादी (खालच्या, मधल्या, वरच्या आवाजाच्या) अशा तिन्ही सुरांची. तिचा मागचा हातभाता काढून खाली पायभाता बसवणं, दोन पायडलं, चौकट आणि बसायला ठेंगणा बाक, कातडं नि स्प्रिंगांसकट: १८,५०० रुपये, रोख. मुदत सांगितली तीन आठवडे, लागले अकरा. रत्नागिरीहून कुडाळला रेल्वेने तीन खेपा झाल्या. अर्धा गुण त्या आठ आठवड्यांचा कापलाय.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मेस्त्रींनीच हात जोडले. "नाव टाकू नको हां. फोन वाजत ऱ्हवतलो." दुकान तरी कसलं म्हणा, घराच्या पडवीत एक पाट, चार पटाशा आणि भिंतीला टांगलेले भाते. पण दशावतारी नाटकाच्या कुठल्याही कंपनीतल्या पेटीवाल्याला विचारा, तो बरोबर पोचवेल.

माझ्या डाव्या हाताचं सांगायलाच हवं, नाहीतर हे काम कशासाठी करून घेतलं ते कळणार नाही. मी बावीस वर्षं साथ करतोय. भजन, नाट्यसंगीत, कधी ख्यालालाही. चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये रात्री एक वाजता कार्यक्रमावरून येताना ओल्या वळणावर दुचाकी घसरली. डोकं एकीकडे, खांदा दुसरीकडे असा ताण बसला. हाड मोडलं ते फक्त हासळीचं, पण मानेतून हातात उतरणाऱ्या नसांची पाचही मुळं मणक्यातून उपटून आली. डॉक्टर याला ब्रॅकियल प्लेक्ससची इजा म्हणतात. दुचाकीवाल्यांना सर्रास होते, आणि आपल्यापैकी कुणालाही त्याचं नाव माहीत नसतं. पहिल्या दवाखान्यात हासळी बांधून दिली आणि सांगितलं, हात झोपलाय, उठेल. चार महिने मी त्या हाताशेजारी बसून राहिलो. नसा जोडायची शस्त्रक्रिया पहिल्या सहा महिन्यांत झाली तर बरी, हे पाचव्या महिन्यात कळलं. कुणाच्या घरी असा लुळा हात असेल तर एवढं वाक्य लक्षात ठेवा, पेटीचं विसरलात तरी चालेल.

शस्त्रक्रियेत बरगड्यांमधल्या तीन नसा काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडल्या. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. आठव्या महिन्यात दंडात पहिली फडफड दिसली. गंमत अशी की ती नस मुळात श्वासाची, त्यामुळे सुरुवातीला मी दीर्घ श्वास घेतला की कोपर आपोआप वाकायचं. खोकलो की वाकायचं. बायको म्हणाली, "अहो, तुमचा भाता आत गेला." आता कोपर वाकतं, थोडं. मनगट आणि बोटं गेली ती गेली. हात झोळीत असतो आणि रात्री जळतो. ज्या बोटांना टाचणी टोचलेली कळत नाही ती जळतात कशी, हे मला अजून नीट कुणी पटवून दिलेलं नाही. गोळ्या घेतो.

उजवा हात शाबूत आहे. लोक म्हणाले, मग काय, पेटी तर उजव्या हाताने वाजते! पेटी उजव्या हाताने वाजते, पण बोलते डाव्याने. गवय्याने सूर लांबवला की त्याच्याखाली हळूच भरत जायचं, तो श्वास घेतो तिथे आपणही ओसरायचं, हे सगळं भात्याचं काम. बोटं काय, विद्यार्थ्याचीही पळतात.

मेस्त्रींकडे पोचण्याआधी तीन उपाय करून पाहिले. कीबोर्ड घेतला, पेटीच्या आवाजाचा. घरी शिकवण्या चालू ठेवायला बरा. पण सूर दाबला की जसा लागतो तसाच राहतो, सरकारी दिव्यासारखा. मग एका शहरातल्या कारागिराकडून जुन्या पेटीला विजेचा पंखा लावून घेतला. हवा भरपूर, पण सतत सारखी, आणि घरघर थेट माईकमध्ये. तिसरा उपाय सगळ्यात जवळचा होता नि सगळ्यात अवघडही: माझा एक विद्यार्थी शेजारी बसून भाता मारायचा. पोरगं गुणी. पण मला जिथे सूर फुलवायचा असे तिथे त्याला वाटे संपत आलं. दुसऱ्याच्या नाकाने श्वास घ्यावा तसं व्हायचं. दोन कार्यक्रम केले आणि मीच थांबवलं. त्याची बारावी होती, हे कारण दिलं.

पायपेटी सुचली ती कुडाळजवळच्या एका जत्रेत. मेव्हण्याकडे गेलो होतो, रात्री दशावतार होता. मी राजा-राक्षस बघायचे सोडून पेटीवाल्याच्या पायांकडे बघत बसलो. पखवाज, झांज आणि पायपेटी, एवढ्यावर रात्र काढतात ही माणसं. पेटीवाला खुर्चीत, दोन्ही पाय खाली चालू, दोन्ही हात वर मोकळे. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, पण तेव्हा मला डावा हात होता. मध्यंतरात चहाच्या टपरीवर त्याला गाठलं आणि मेस्त्रींचा पत्ता मिळाला.

मेस्त्री सत्तरीच्या पुढचे. मी झोळी दाखवून सगळी कथा सांगायला लागलो, नसा, मुळं, शस्त्रक्रिया. त्यांनी मध्येच थांबवलं. "हात ऱ्हवांदे. पाय दाखय." मग मला बाकावर बसवून गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळीने माप घेतलं. अपघातानंतर पहिल्यांदा कुणी माझ्या चालणाऱ्या अवयवात रस दाखवला होता.

आपल्याकडची हातपेटी मुळात पायाचीच. पॅरिसच्या दबेनने १८४० मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने हवा भरायचं वाद्य होतं. आपण जमिनीवर बसणारी माणसं, म्हणून १८७५ मध्ये कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी ती हाताने भाता मारायची केली. मी ते उलटं करून मागत होतो. मेस्त्रींना हा इतिहास सांगितला तर म्हणाले, "आमी खंय सोडलेला?" खरंच, कोकणात कुणी सोडलेलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला मी हट्टाने एकच पायडल करून घेतलं. डावा पाय भात्याला, उजवा मुडपून मांडीखाली, म्हणजे बैठकीत जरा तरी बसल्यासारखं दिसेल. मेस्त्री नको म्हणत होते. झालं त्यांच्या म्हणण्यासारखंच. पाय वर येताना हवा तुटायची. हवा साठवणारा आतला भाता थोडं सांभाळून घेतो, पण लांब षड्ज धरला की मधेच सूर दबून पुन्हा उसळायचा. "उचकी लागली तुझ्या सुराक," म्हणाले आणि हसले नाहीत. मग दोन पायडलं, एक खाली जाताना दुसरं वर. माझ्या हट्टाचे पैसे त्यांनी लावले नाहीत, वेळ मात्र तिथेच गेला. आणि मग दिवाळी आली, जत्रांचा हंगाम सुरू झाला, कंपन्यांच्या पेट्या दुरुस्तीला आल्या. माझी पेटी पडवीत कोपऱ्यात गोणपाटाखाली. फोन केला की "झाला, झाला." झालेलं नसायचं.

पण काम बघा. आतल्या भात्याला एक खुंटी दिलीय. ती ओढली की साठवणीचा भाता बंद होतो आणि पायाचा दाब सरळ सुरांवर येतो. जुन्या फ्रेंच पायपेट्यांत एक्स्प्रेशन नावाची खुंटी असे, तीच ही युक्ती. ती उघडली की पेटी निर्दयपणे खरी होते. पाय चुकला की गावभर कळतं. पहिले दोन महिने मी ती ओढायला धजलो नाही. आता नांदीला आणि अभंगाला ओढतो, द्रुत चालू झालं की परत ढकलतो. ही युक्ती मेस्त्रींना कुणी शिकवली विचारलं, तर एका मोडक्या परदेशी पेटीच्या पोटात बघितलं होतं म्हणाले.

दुसरं, पेटीच्या झाकणाची खिट्टी. ती डावीकडे होती. मी सांगितलं नव्हतं, माझ्या लक्षातही नव्हतं. पेटी परत आली तेव्हा ती उजवीकडे होती.

आणि तिसरं. पायाने भाता मारताना अंग हलतं, आणि लुळा हात झोळीतून सुटून खाली ओढतो, खांदा उतरतो. मेस्त्रींनी पेटीच्या डाव्या अंगाला, जिथे त्या हाताने मी भाता मारायचो साधारण तिथेच, एक फळी ठोकली. वर काथ्या आणि जुन्या लुगड्याचं कापड. "ह्या कित्या?" विचारलं मी, त्यांच्याच भाषेत. म्हणाले, "त्येका बसाक नको?" मी पेटीवर तो हात ठेवला आणि सूर तपासतोय असं दाखवत खाली बघत राहिलो.

आता खोड्या. वजन. पेटी, चौकट, बाक मिळून दोन माणसांचं ओझं आहे आणि मी त्यातला एकही नाही. दरवेळी तबलजींच्या गाडीची मिनतवारी. खर्जाचा सूर पाय जोरात पडला की किंचित उतरतो. मोठ्या सुरांना हवा जास्त झाली की ते होणारच, पण तंबोरा सुरेल लागलेला असेल तर कानाला बोचतं. नवं कातडं पहिला महिनाभर करकरतं. पोटऱ्या दुखतात, त्यासाठी मी रोज अर्धा तास मंद्रातला यमन वाजवतो, कान आणि पोटऱ्या एकदमच तयार होतात.

सगळ्यात त्रास पायाच्या लयीचा. हाताचा भाता तालाशी बांधलेला नसतो, आपण तो सुराप्रमाणे घालतो. पायाला मात्र नाचायची सवय. तीनताल सुरू झाला की पाय समेवर पडायला बघतो आणि पेटी तबल्याबरोबर धाप लागल्यासारखी वाजायला लागते. हे मोडायला मला सहा महिने लागले. तबला चालू ठेवून पाय मुद्दाम भलतीकडे मारायचा. मेस्त्रींचा यात दोष नाही, पण घेणाऱ्याने जाणून असावं.

एक अडचण कुठल्याच कारागिराच्या हातची नाही. पायपेटीवाला उंच बसतो. नाटकात चालतं, दशावतारात चालतं, पण बैठकीत गायक गादीवर आणि साथीदार त्याच्या डोक्यावर, हे मला शरमेचं वाटतं आणि एका आयोजकांना अपमानाचं वाटलं. मेस्त्रींनी बाक नऊ इंचांवर आणला, पायडलं तिरकी केली. त्याहून खाली गेलं तर गुडघे छातीला लागतात. तरी मी वीतभर वरच असतो. पेटीवाल्यांना बाहेर बसवायची देशाला जुनी सवय आहे म्हणा. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. त्यापुढे नऊ इंच काय!

पण त्याहून मला निवेदकांचा राग येतो. "एका हाताचा जादूगार" म्हणून ओळख करून देतात. पेटी सगळेच एका हाताने वाजवतात हो, दुसरा भात्यावर असतो. जादू असलीच तर पायात आहे, आणि ती दशावतारात वर्षानुवर्षं चाललीय.

माझ्या तबलजींचा मुलगा ड्रम वाजवतो. त्याने इंग्लंडच्या रॉबर्ट वायटबद्दल सांगितलं. हा ड्रमवाला, १९७३ मध्ये खिडकीतून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. ड्रमच्या मोठ्या ढोलाला आणि खालच्या झांजांना पाय लागतात, ते गेले. मग तो गाण्याकडे आणि कीबोर्डकडे वळला, पुढच्याच वर्षी त्याची नवी ध्वनिमुद्रिका आली. त्याचे पाय गेले म्हणून हात उरले, माझा हात गेला म्हणून पाय. मला त्याचं संगीत फारसं कळलं नाही, पण आवाज आवडला. पातळ, घाबरल्यासारखा, तरी सुरात.

ही पेटी आता दीड वर्ष वापरतोय. महिन्याला चार-पाच कार्यक्रम होतात, पूर्वी दहा-बारा व्हायचे. शिकवण्या वाढल्या. ख्यालाची बोलावणी कमी, कीर्तनाची आणि नाटकाची जास्त, कारण तिथे खुर्ची कुणाला खुपत नाही.

कुणाला जायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये जा. दिवाळीनंतर जत्रा असतात, मेस्त्री तुमच्याकडे बघणारही नाहीत. पावसाळ्यात ते रिकामे असतात, पण सरस वाळत नाही आणि कातडं धरत नाही, तेव्हा तेच परत पाठवतात. पैसे रोख न्या. आणि माप देताना नेहमीच्या चपला काढा; मी काढल्या नव्हत्या, म्हणून डावं पायडल अजून अर्धा इंच लांब आहे.