स्पॅनिश शिकवणारे बोलके पेन : जवळपास वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या बोलक्या पेनाने मागच्या महिन्यात चार्ज होणे बंद केले आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर आता कुठे बदली पेन हाती आले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. चित्रपत्त्यावर टेकवले की स्पॅनिश बोलणारी अशी पेने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना रचना समजावून सांगण्याचीही गरज नाही. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी पहिलीत आणि मुलगा तिसरीत आहे. शाळेत स्पॅनिशचा तास आठवड्यातून एकदाच असतो आणि त्यातला निम्मा वेळ हजेरी व गाण्यातच जातो, म्हणून घरी काहीतरी असावे या हिशेबाने हा ९० डॉलरचा संच घेतला. गाण्यांच्या ॲपची वार्षिक वर्गणी त्याखेरीज आहे, हे खोक्यावर इतक्या बारीक अक्षरांत छापले आहे की ते पैसे भरण्याची वेळ आल्यावरच वाचले जाते.

सर्वांत आधी स्वागतधून. पेन सुरू केले की गिटार, टाळ्या आणि एका बाईंचा उत्साही "ओला!" असा सगळा गजर पूर्ण आवाजात होतो. आवाज कमी करण्याचे बटण आहे, पण धून संपेपर्यंत ते दाबून उपयोग होत नाही आणि कमी केलेला आवाज पुढच्या वेळेस पेनाच्या लक्षात राहत नाही. वीज वाचावी म्हणून काही मिनिटे न वापरल्यास पेन आपोआप बंद होते. मुले पत्त्यातले चित्र पाहत, आपसांत भांडत थोडी रेंगाळली की ते बंद झालेलेच असते, आणि पुन्हा सुरू केले की पुन्हा गिटार. सकाळी शाळेची बस येण्याआधी, घरात एकजण भारतातल्या कार्यालयाशी फोनवर बोलत असताना आणि आजी अजून झोपलेल्या असताना ही धून ऐकण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्यालाच माझा संताप कळेल. ज्यांनी हे बनवले, त्यांच्या घरी लहान मुले नसावीत.

शिकवण्याच्या बाबतीत मात्र संच अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. स्पॅनिशमधले त आणि द हे आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि स्वर जवळजवळ अ, ए, इ, ओ, उ इतके सरळ आहेत, त्यामुळे रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी घोटलेल्या मुलीला हे उच्चार पेनामागून म्हणताना कष्ट पडले नाहीत. वर्गातल्या इतर मुलांचा इंग्रजी ट मध्येमध्ये डोकावतो, असे तिच्या बाईंनीच सांगितले. मुलाला रंग, आकडे आणि घरातल्या वस्तू यांची नावे चटकन पाठ झाली. वर्णमालेच्या पत्त्यावर मात्र अजून २९ अक्षरे आहेत. स्पॅनिश अकादमीने २०१० साली दोन जोडअक्षरे वर्णमालेतून काढून ती २७ वर आणली, याची छापणाऱ्यांना खबर नसावी.

संचातले सर्व आवाज माद्रिदकडच्या धाटणीचे आहेत, हे मला पहिल्या काही आठवड्यांत फार मोठे वैगुण्य वाटत होते. मुलीच्या बाई डोमिनिकन रिपब्लिकच्या. त्यांच्या बोलण्यात जिथे साधा स येतो, तिथे पेन जीभ दातांत धरून बोलते, आणि मुलीने पेनाप्रमाणे आभार मानल्यावर बाई हसू लागल्या. हे मत मी आता बदलले आहे. मुले वर्गात एक उच्चार करतात, घरी दुसरा करतात आणि दोन्हींत गोंधळत नाहीत. गोंधळ आम्हा मोठ्यांचाच होता.

खरी खोट संस्कृतीच्या पत्त्यांत आहे. स्पॅनिश ही २० स्वतंत्र देशांची अधिकृत भाषा, शिवाय प्वेर्तो रिको वेगळे. संचाच्या नकाशावर मात्र स्पेन, मेक्सिको आणि अर्जेंटिना एवढीच ठिकाणे बोलतात. मुलीने आपल्या बाईंचा देश शोधून त्या बेटावर पेन टेकवले, तर उत्तर आले, "कॅरिबियन समुद्र". तिने तीनतीनदा टेकवून पाहिले आणि दर वेळी बेट बुडालेलेच निघाले.

जे दोन पत्ते जमले आहेत, ते मात्र फार सुरेख जमले आहेत. एक मेक्सिकोच्या मृतांच्या दिवसाचा, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरचा. त्यातली झेंडूच्या फुलांनी मढवलेली वेदी पाहून आजींनी "ही तर दसऱ्याची आरास" असे म्हटले, आणि झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा असून तिकडूनच आपल्याकडे आला, हे मुलांना सांगण्याची आयती संधी मिळाली. दुसरा पत्ता दात नेणाऱ्या पेरेझ उंदराचा. ही गोष्ट १८९४ च्या सुमारास बालराजा तेराव्या अल्फोन्सोचा दात पडला तेव्हा त्याच्यासाठी रचली गेली, आणि माद्रिदमध्ये आरेनाल रस्त्यावर आठ क्रमांकाच्या घराशी त्या उंदराची पाटी आहे. हे ऐकल्यापासून मुलगी पडलेल्या दाताचे पैसे इथली दात नेऊन पैसे ठेवणारी परी आणि तिथला उंदीर अशा दोघांकडून वसूल करते.

पेन केवळ बोलते, ऐकत नाही, त्यामुळे मूल चुकीचे म्हणाले तरी कोणी टोकत नाही. पत्त्यांवर डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे ठिपके छापलेले असतात आणि पेनाच्या टोकातला छोटा कॅमेरा ते वाचतो, म्हणून हरवलेल्या पत्त्याची झेरॉक्स काढून भागत नाही. सुटा पत्ता कंपनी विकत नाही, पूर्ण संचच घ्या म्हणते. वॉरंटीतल्या पेनाचे परतीचे टपाल मलाच भरावे लागले, आणि ते का, या प्रश्नाला ग्राहक सेवेने दर वेळी नव्या नावाने तेच उत्तर पाठवले. चार्ज होत नसल्याचा व्हिडिओ मागितला, तो दिला. तो पुरेसा स्पष्ट नाही म्हणाले. न पेटणारा दिवा आणखी स्पष्ट कसा दाखवावा?

बदली पेनाची धून आधीच्यापेक्षा मोठी आहे. स्पीकरच्या जाळीवर पॅकिंगची जाड चिकटपट्टी दुहेरी लावल्यावर ती सहन होऊ लागली आणि शब्दही स्पष्ट ऐकू येतात. ॲपची वर्गणी पुढच्या वर्षासाठी बंद केली आहे, कारण तितकीच गाणी गावच्या ग्रंथालयात फुकट मिळतात. संच घ्यायचाच असेल तर वापरलेला, सगळे पत्ते मोजून घ्यावा आणि चिकटपट्टी घरची वापरावी.