मेलबर्नची ट्राम आणि आपले पाय

मेलबर्न पाहायला जाणाऱ्यांनी भाड्याच्या मोटारीचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ट्रामचे जगातील सर्वांत मोठे, सुमारे २५० किलोमीटरचे जाळे या शहरात आहे आणि मध्यवर्ती भागातला ट्रामप्रवास २०१५ सालापासून विनामूल्य आहे. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ साली धावली. तिच्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत वाढलेल्या मला इथे घंटा वाजवत येणारी ट्राम पाहून भरून आले.

सर्वेक्षक रॉबर्ट हॉडल यांनी १८३७ साली आखलेले इथले मुख्य रस्ते ९९ फूट रुंद आहेत, तर त्यांच्यामधले ‘लिटल’ म्हणवले जाणारे रस्ते जेमतेम ३३ फुटांचे. त्यामुळे रुंद रस्त्यांवर ट्राम आणि आतल्या गल्ल्यांमध्ये पायी, अशी वाटणी आपोआप होते. फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाच्या घड्याळांखालून निघून डीग्रेव्ज स्ट्रीटमध्ये कॉफी घ्यावी, कॉलिन्स स्ट्रीट ओलांडून ब्लॉक आर्केड या छताखालच्या दुकानांच्या गल्लीची मोझेकची फरशी निवांतपणे पाहावी आणि तिथून १८७० साली खुल्या झालेल्या रॉयल आर्केडमध्ये शिरावे. तिथे गॉग आणि मेगॉग हे दोन लाकडी राक्षस घड्याळाच्या दोन बाजूंना उभे राहून दर तासाला टोले देतात. ते पाहण्यासाठी पाच मिनिटे आधी पोहोचून मान वर करून थांबणे सार्थकी लागते. एवढी सगळी वाट मोटारीतून दिसणारच नाही.

आर्केडमधून बाहेर पडताच बर्क स्ट्रीटवर ९६ क्रमांकाची ट्राम मिळते आणि माझ्या मते शहरातला सर्वांत सुंदर प्रवास हाच. नदीपलीकडे गेल्यावर ती रस्ता सोडते, १९८७ साली ट्रामसाठी बदललेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून वेगाने धावते आणि सेंट किल्डाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ आणून सोडते. जुन्या गाड्यांची ३५ क्रमांकाची विनामूल्य फेरी देखणी आहे. पण तिच्यात एकदा बसणे पुरे.

तिकिटाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. विनामूल्य क्षेत्राबाहेर मायकी कार्ड लागते आणि ते ट्राममध्ये विकत मिळत नाही, म्हणून ते स्थानकावर आधीच घेऊन त्यात पैसे भरून ठेवावेत. उलट, केवळ विनामूल्य क्षेत्रातच फिरायचे असेल, तर कार्ड यंत्राला लावू नये, कारण लावल्यास भाडे कापले जाते.

खरी उणीव पायऱ्यांची आहे. जुन्या गाड्यांच्या पायऱ्या उंच आहेत आणि अनेक थांब्यांवर फलाट नसल्याने थेट रस्त्यावरून चढावे लागते, जे गुडघे दुखणाऱ्यांना जड जाते. एवढ्या मोठ्या जाळ्यात ही अडचण अजून असावी, याचे वाईट वाटते. ९६ क्रमांकावर लो-फ्लोअर गाड्या धावतात, म्हणून आई-वडिलांना घेऊन जाताना मी आधी तोच मार्ग निवडेन.