विरोध करायचा की अटी मागायच्या? न्यू जर्सीत शेजारी प्रकल्प येतो तेव्हा

सर्टिफाइड मेलने एक पाकीट येतं. आत छोटीशी नोटीस असते: अमुक ब्लॉक, तमुक लॉट, इतक्या युनिट्सची इमारत, सुनावणी अमुक तारखेला संध्याकाळी. जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे, त्या प्रत्येकाला अर्जदाराने ही नोटीस सुनावणीच्या किमान १० दिवस आधी द्यावी, असं न्यू जर्सीचा कायदा सांगतो. तयारीला बहुतेकदा तेवढेच दिवस मिळतात आणि त्यातले निम्मे एका वादात जातात. एक गट म्हणतो, प्रकल्पच नको. दुसरा म्हणतो, होणारच आहे तर आपल्या चार अटी तरी घालून घेऊ.

दोन्ही मार्गांनी गेलेले शेजारी मी पाहिलेत. माझं मत असं झालंय की या वादाचं उत्तर त्या नोटिशीतच असतं. सुनावणी कुठल्या बोर्डापुढे आहे आणि व्हेरियन्स (झोनिंगच्या नियमातून सूट) मागितला असेल तर कुठल्या प्रकारचा, या दोन गोष्टी आधी बघा. मीटिंगला किती माणसं न्यायची हे त्यानंतर.

बोर्ड कुठलं?

१९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या राज्याच्या जमीनवापर कायद्याखाली कामाची विभागणी आहे. जागेच्या झोनमध्ये ज्या वापराला आधीच परवानगी आहे, त्याचा आराखडा प्लॅनिंग बोर्ड तपासतं. जो वापर तिथे चालत नाही, त्यासाठी अर्जदाराला झोनिंग बोर्डाकडे ‘डी’ व्हेरियन्स मागावा लागतो. ठरलेल्यापेक्षा जास्त घनता (एकरामागे घरं) हवी असेल किंवा मर्यादेपेक्षा १० फूट वा १० टक्क्यांहून जास्त उंची हवी असेल, तरी तो ‘डी’मध्येच मोडतो. कुंपणापासूनचं अंतर थोडं कमी, लॉटची रुंदी थोडी कमी असल्या सवलती ‘सी’ व्हेरियन्सच्या. त्या प्लॅनिंग बोर्डही देऊ शकतं. लहान गावांत दोन्ही कामं एकाच बोर्डाकडे असू शकतात, म्हणून नुसतं बोर्डाचं नाव वाचून थांबू नका, ‘डी’ शोधा.

प्लॅनिंग बोर्डापुढे ‘नको’ला बळ कमी

इथेच बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. वापर झोनमध्ये बसत असेल, तर बाहेरच्या रस्त्यावर ट्रॅफिक वाढेल एवढ्याच कारणाने प्लॅनिंग बोर्ड साइट प्लॅन (आवाराचा आराखडा) नाकारू शकत नाही. न्यू जर्सीच्या कोर्टांनी १९७८ मध्ये लायनेल्स अप्लायन्स सेंटरच्या आणि १९८४ मध्ये डंकिन डोनट्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. कारण साधं आहे: गावाच्या कौन्सिलने त्या जागेवर तो वापर चालेल असं ठरवलं, तेव्हाच त्यासोबत येणाऱ्या गाड्याही धरल्या गेल्या. बोर्डाच्या हातात उरतं ते गाड्या आत-बाहेर कशा येणार, आवारात कशा फिरणार, वळण सुरक्षित आहे का, एवढंच.

पण हे ‘एवढंच’ बरंच असतं. मी बसलो होतो अशा एका सुनावणीत तासभर एकामागून एक शेजारी उठून सांगत होते, ट्रॅफिक वाढेल, आधीच मुंगीला शिरायला जागा नाही. बोर्ड शांतपणे ऐकून घेत होतं आणि कुणीच काही लिहून घेत नव्हतं. मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांनी मत मांडलंच नाही. अर्जदाराच्या ट्रॅफिक इंजिनिअरला विचारलं, “गाड्या मोजल्या तो दिवस कुठला?” त्याने अहवालाची पानं उलटली. जूनच्या अखेरचा बुधवार. “तेव्हा शाळा सुरू होती?” तो वकिलाकडे बघायला लागला. आता मात्र बोर्डाच्या अध्यक्षांनी पेन उचललं. शाळा उघडल्यावर पुन्हा मोजणी करून आणा, असं ठरलं आणि अर्जदारानेही मुदतवाढीला संमती दिली. नव्या आकड्यांनंतर बाहेर पडायचा रस्ता कोपऱ्यापासून लांब सरकला आणि सकाळी सात ते नऊ डावीकडे वळायला बंदी आली. तासाभराच्या भाषणांनी जे झालं नव्हतं, ते दोन प्रश्नांनी झालं.

म्हणून ट्रॅफिकचा अहवाल आधी मागून घ्या. अर्जाची कागदपत्रं सुनावणीच्या १० दिवस आधीपासून पाहायला खुली असावी लागतात. त्यातली फेऱ्यांची (गाड्यांच्या येण्या-जाण्याची) संख्या बहुधा इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्सच्या पुस्तकातून घेतलेली असते. कमी उंचीच्या अपार्टमेंटसाठी संध्याकाळच्या गर्दीच्या तासात एका युनिटमागे साधारण अर्धी फेरी, म्हणजे १०० युनिट्सना सुमारे ५०. हा आकडा ऐकून लोक चिडतात, घरटी दोन गाड्या आहेत म्हणतात. पण तो एका तासाचा हिशेब आहे, त्यावर भांडण्यात वेळ जातो. चौकाला ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी दिलेली असते, ती नीट बघा. सिग्नलवर गाडीमागे सरासरी ३५ ते ५५ सेकंद थांबावं लागलं तर श्रेणी ‘डी’ (व्हेरियन्सच्या ‘डी’शी हिचा संबंध नाही), ८० सेकंदांच्या वर गेलं की ‘एफ’. श्रेणी सरासरीवर ठरते, त्यामुळे डावीकडे वळणाऱ्यांचे हाल तिच्यात झाकले जातात. विचारा: त्या लेनमधली रांग किती गाड्यांची होते, आणि ती आमच्या ड्राइव्हवेच्या पुढे जाते का?

अटी मागताना आवाराच्या आतलं आणि कडेचं मागा. हेडलाइट घरात येऊ नयेत म्हणून भरीव कुंपण, कचऱ्याचा ट्रक आणि डिलिव्हरीच्या वेळा, बांधकामाच्या ट्रकांचा मार्ग, फुटपाथचा तुटलेला भाग जोडणं. रस्त्यापलीकडचा सिग्नल बिल्डरने सगळा स्वतःच्या पैशाने बसवावा, असा आग्रह टिकत नाही. त्याच्या प्रकल्पामुळे जितकी गरज निर्माण होते तितकाच वाटा मागता येतो, असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये बिल्डर्स असोसिएशन विरुद्ध बर्नार्ड्स टाउनशिप खटल्यात सांगितलं. पार्किंगचंही तसंच. राज्यभर लागू असलेली निवासी मानकं १९९७ पासून आहेत, त्यात गार्डन अपार्टमेंटच्या (कमी उंचीच्या इमारतीतल्या) दोन बेडरूमच्या युनिटला २ जागा धरल्यात. गावाला वाटलं म्हणून ३ मागता येत नाहीत.

झोनिंग बोर्डापुढे चित्र उलटं

‘डी’ व्हेरियन्स असेल तर पूर्ण विरोधाला अर्थ आहे, आणि मी तो करायलाच सांगेन. सात सदस्यांच्या बोर्डात मंजुरीला पाच मतं लागतात, म्हणजे तिघे पटले नाहीत तर अर्ज पडतो. सिद्ध करायचं ओझंही अर्जदारावर. ही जागा त्या वापराला विशेष योग्य का, शेजारपाजारचं मोठं नुकसान होणार नाही हे कशावरून, आणि गावाने हा वापर या झोनमधून वगळला होता त्याच्याशी याचा मेळ कसा बसतो, हे त्याने दाखवायचं. १९८७ च्या मेडिची निकालाने हा शेवटचा प्रश्न जास्तच कडक केला. प्लॅनिंग बोर्डापुढे वाया गेलेला बाहेरच्या ट्रॅफिकचा मुद्दा इथे मुख्य होतो.

फक्त मतं मांडून मात्र इथेही भागत नाही. अर्जदाराचा प्लॅनर (नगररचना तज्ज्ञ) शपथेवर साक्ष देतो. त्याला उत्तर द्यायला तुमचा प्लॅनर आणि वकील असेल तर बोर्डाला नकार देणं सोपं जातं. हा खर्च मोठा आहे, पाच-सहा घरांनी मिळून उचलायचा. तो जमणार नसेल तर उलटतपासणीचे प्रश्न वाटून घ्या, एकाने ट्रॅफिक, एकाने पाण्याचा निचरा.

पैसे गोळा करण्याआधी मात्र एक पाहा. अर्ज पडला तर त्याच जागेवर झोनप्रमाणे काय बांधता येतं? माझ्या ओळखीतल्या एका गल्लीने टाउनहाउस जिद्दीने हाणून पाडली. नंतर तिथे परवानगीतलाच एक धंदा आला, रात्री उशिरापर्यंत चालणारा, आणि त्या वेळी हातात काहीच उरलं नव्हतं. पहिल्याच आराखड्यात दोन इमारती कमी आणि झाडांचा रुंद पट्टा मागितला असता, तर तो मिळाला असता असं मला आजही वाटतं.

हॉस्पिटल किंवा शाळा यांसारखे लोकोपयोगी मानलेले वापर असतील, तर १९९२ च्या सिका निकालाप्रमाणे बोर्ड फायदा आणि त्रास तोलतं आणि त्रास कमी करणाऱ्या अटी घालतं. तिथे ‘डी’ असूनही अटींवरच जोर द्या.

ज्या गोष्टींवर वेळ घालवू नये

‘पुढे ढकला, दमून जातील’ हा सल्ला ऐकू नका. बोर्डाला मुदत असते: १० युनिट्स किंवा १० एकरांच्या वरच्या साइट प्लॅनला ९५ दिवस, व्हेरियन्सला १२०. अर्जदाराच्या संमतीशिवाय ती उलटली तर अर्ज मंजूर झाला असं धरलं जाऊ शकतं. ‘कौन्सिलकडून झोन बदलून घेऊ’ हेही अर्ज दाखल झाल्यावर उशिराचं. मे २०११ पासून अर्जाच्या दिवशी जो नियम होता तोच त्या अर्जाला लागतो.

परवडणाऱ्या घरांसाठी गावाने ठरवून दिलेली जागा असेल, तर विरोध करायला मी सांगणार नाही. १९७५ आणि १९८३ चे माउंट लॉरेल निकाल आणि २०२४ चा कायदा यांनी प्रत्येक गावावर वाटा उचलायची जबाबदारी टाकली आहे. अशा ठिकाणचा नकार कोर्टात टिकणं कठीण. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या घरांत राहायला येणारी माणसं आपल्या मुलांच्या शिक्षिका आणि दवाखान्यातल्या नर्सही असतात. तिथे फुटपाथ, बसथांबा, सुरक्षित क्रॉसिंग मागा. ते त्यांनाही लागणार आहे.

रेकॉर्ड आणि ठराव

कोर्टात जायचं ठरलं तर निर्णयाची सूचना छापून आल्यापासून ४५ दिवस असतात. न्यायाधीश बोर्डापुढचं रेकॉर्डच बघतात, आणि निर्णय मनमानी होता का एवढंच तपासतात. जे सुनावणीत शपथेवर बोललं गेलं नाही ते नंतर मांडता येत नाही. दोनशे सह्यांच्या निवेदनालाही फारसं वजन नसतं, कारण सही करणाऱ्याची उलटतपासणी होत नाही. सह्या गोळा करायला जाल ती संध्याकाळ डावीकडच्या वळणावर उभं राहून फोटो काढण्यात घालवा, आणि ते स्वतः शपथ घेऊन दाखवा.

आणि लेखी ठराव वाचल्याशिवाय हलू नका. बोर्डाचं मतदान झाल्यावर तो ४५ दिवसांत मंजूर व्हायचा असतो, आणि अटी त्यातल्याच धरतात. त्या जूनच्या मोजणीवाल्या बाईंनी सुनावणीचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं होतं. डावीकडे वळायची बंदी त्यात अर्जदाराच्या वकिलाने तोंडी मान्य केली होती. ते वाक्य कितव्या मिनिटाला आहे हे लिहून त्यांनी बोर्डाच्या सेक्रेटरीला पाठवलं. मसुद्यात ती अट राहून गेली होती. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव वाचला गेला तेव्हा ती चौदावी म्हणून आली, वेळेसकट.