डॅडारिओ ईजे१५ (१०-४७) तारा : सांधे दुखत असतील तर जरूर घ्या, पण गिटारही तपासून घ्या

गिटार शिकताना बोटांची टोकं दुखतात ते वेगळं आणि सांधे दुखतात ते वेगळं. डॅडारिओ कंपनीच्या या बारीक तारा घ्यायच्या की नाही ते या फरकावरच ठरवावं. टोकांना होते ती कातडीची आग. घट्टे पडले की ती आपोआप जाते, त्यासाठी पैसे घालवू नयेत. माझं दुखणं दुसऱ्या जातीचं होतं. डाव्या हाताच्या तर्जनीचा आणि अनामिकेचा नखाजवळचा सांधा वाजवून झाल्यावर ठसठसत राहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना कळ यायची. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या सांध्याची झीज बरीच आढळते. एक्स-रेमध्ये माझीही थोडी झीज दिसली. डॉक्टर म्हणाले, वाजवणं सोडू नका, जोर कमी करा.

जोर कमी करायचा कसा, हे मात्र क्लासमध्ये कुणी सांगत नाही. आमचे सर माझ्या मुलाच्या वयाचे, शिकवतात अगदी जीव ओतून. पण त्यांचंही म्हणणं एकच, "काकू, थोडं सहन करा, सवय होईल." कोपरीहून नौपाड्याच्या क्लासला येणारी शाळकरी मुलं सहन करतातही. पण झिजत चाललेल्या सांध्याला सवय होत नसते, आणि मोठ्या वयात शिकायला आलेली माणसं गिटार माळ्यावर टाकतात ती याच टप्प्यावर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आता तारांबद्दल. साध्या मोठ्या आकाराच्या गिटारवर बहुतेक वेळा १२-५३ चा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच आणि सगळ्यात जाड ०.०५३ इंच. ईजे१५ मध्ये हेच आकडे ०.०१० आणि ०.०४७ आहेत. कागदावर फरक केसाएवढा दिसतो, पण तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या पटीत बदलतो. ६४८ मिलीमीटर लांबीच्या गिटारवर १२ ची पहिली तार सुरात आणली की तिच्यावर साधारण साडेदहा किलोचा ताण येतो, १० च्या तारेवर सव्वासात किलोच्या आसपास. दाबताना बोटाला लागतं ते हेच. दर तारेवरचा ताण पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, दुकानात दोन पाकिटं शेजारी धरून बघा.

फरक सगळ्या तारांवर सारखा जाणवत नाही, हे आधीच सांगते. पहिल्या दोन तारा चक्क मऊ वाटतात. तिसरी मात्र १२ च्या सेटमध्ये ०.०२४ ची आणि या सेटमध्ये ०.०२३ ची, म्हणजे जवळपास तेवढीच. त्यामुळे ई मेजर ही कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) धरताना, तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) ठेवताना मला सुरुवातीला वाटलं, काहीच बदललं नाही. डी कॉर्ड धरली तेव्हा खरा आराम कळला.

तारांच्या टोकाच्या गोळ्या रंगीत आहेत. पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. चष्मा लावून जाडी ओळखत बसावं लागत नाही. नवशिक्या माणसाला तारा घरी स्वतः बदलता याव्यात यासाठी ही फार चांगली सोय आहे.

पण नुसत्या तारा बदलून माझं निम्मंच दुखणं गेलं. उरलेलं निम्मं गिटारच्या बांधणीत होतं, आणि ते सापडलं वर्तकनगरला राहत्या घरीच गिटारदुरुस्ती करणाऱ्या एका दादांकडे. त्यांनी बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि म्हणाले, "ताई, सहावी तार साडेतीन मिलीमीटर वर आहे. यावर माझीही बोटं दुखतील." मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट मला दाखवली. तिथे तार जेमतेम सुटी असायला हवी, माझ्या गिटारवर जाड पुठ्ठा सरकेल एवढी जागा होती. एफ कॉर्ड धरताना तर्जनी आडवी टाकून जीव काढावा लागायचा तो या उंच नटमुळे, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिच्यामुळे. त्यांनी बारीक कानशीने नटच्या खाचा एकेक करून उतरवल्या. दोन-तीन घासे मारायचे, तार लावायची, पुन्हा बघायचं. घाई केली आणि खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो, म्हणून हे घरी करू नका. सॅडल (गिटारच्या पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून त्याचा तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासला. सगळं झाल्यावर सहावी तार अडीचच्या आत आणि पहिली दोन मिलीमीटरवर आली.

दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधीच नव्या तारा विकत घ्या, नंतर नको. ताण कमी झाला की गिटारची मान थोडी सरळ होते, मानेच्या आतली सळई (ट्रस रॉड) त्याप्रमाणे जुळवावी लागते, नाहीतर पहिल्या काही फ्रेट्सवर खरखर येऊ शकते.

आवाजाचं म्हणाल तर कुठल्याही १०-४७ सेटचा आवाज १२ पेक्षा लहानच येणार. खालचे स्वर थोडे पातळ वाटतात, जोरात स्ट्रमिंग केलं तर तारा फ्रेटवर आपटतात. मी संध्याकाळी घरात जुनी भावगीतं बोटांनी छेडते, त्याला हा आवाज पुरेसा आहे आणि मला तो आवडतो. सोसायटीच्या गणपतीत माइकशिवाय वाजवायचं असेल तर पुरणार नाही. क्लासमधल्या तरण्या मुलांना मी हा सेट सुचवणारही नाही, त्यांच्यासाठी ११-५२ चा मधला पर्याय आहे.

ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी आधी एक करून बघावं. सगळ्या तारा अर्धा स्वर खाली लावाव्यात. ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. क्लासमध्ये सगळ्यांबरोबर वाजवायचं असेल तेव्हा पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की सूर जुळतो, आणि कॅपोमुळे उंच नटचा त्रासही टळतो. माझ्या सांध्यांना या एका गोष्टीने पहिल्या दिवसापासून उतार पडला. आणि तार फ्रेटच्या अगदी लगत दाबा, दोन फ्रेटच्या मधोमध दाबली तर उगाच जास्त जोर लागतो. बोटाचा शेवटचा सांधा उलटा वाकत असेल तर तिथेच थांबून बोट पुन्हा कमानीत आणा.

ठाण्याच्या पावसात लाकूड ओल धरून फुगतं आणि तारा पुन्हा वर येतात, त्यामुळे पावसाळ्यात एकदा उंची मोजून घ्यावीच. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा, गंजलेली तार बोटाला जास्त घासते.

सांधा सुजून लाल होत असेल, बोट वाकवल्यावर अडकत असेल किंवा सकाळचा ताठरपणा तासाभराने जात नसेल, तर तारांचं पाकीट राहू द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा. बाकी माझ्यासारख्या दुखण्याला या तारांना मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो तिसऱ्या तारेसाठी.