पखवाजाची थाप आणि डीव्हीडीस्टायलर: 8 महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या बाबांनी 30 वर्षं भजनात पखवाज वाजवला. आता ते आणि आई कणकवलीजवळच्या आमच्या गावी असतात. तिथे मोबाइलला धड रेंज नाही. घरात 21 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि यूएसबी नसलेला एक जुना डीव्हीडी प्लेअर. त्यांच्या डबलबाऱ्यांची (दोन भजनी बुवांच्या सामन्यांची) माझ्या पुतण्याने मोबाइलवर काढलेली रेकॉर्डिंग मुंबईत काळाचौकीला माझ्या लॅपटॉपमध्ये नुसती पडून होती. ती त्या टीव्हीवर दिसावीत, एवढंच मला हवं होतं.

सुरुवात एका दुकानापासून झाली. दादरच्या एका दुकानदाराने डीव्हीडीमागे 400 रुपये घेतले आणि 3 डीव्हीडी मारून दिल्या. गावी नेऊन लावल्या, तर एकही चालेना. घरी येऊन लॅपटॉपवर उघडल्या, तर आत मोबाइलमधल्या एमपी4 फाइली जशाच्या तशा कॉपी केलेल्या. ही झाली डेटा डीव्हीडी. जुन्या प्लेअरला लागतो एमपेग-2 व्हिडिओ आणि व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर. परत गेलो तर मालक म्हणाला, "तुमचा प्लेअर खराब आहे." 1200 रुपये पाण्यात गेले. त्याच आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा डीव्हीडी रायटर आणि कोऱ्या डीव्हीडींचा डबा आणला आणि डीव्हीडीस्टायलर हे डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात वॉटरमार्क येत नाही. नवं काम उघडताना ते फॉरमॅट विचारतं, तिथे पाल (आपल्याकडच्या टीव्हीचं फॉरमॅट) निवडायचं, म्हणजे 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 चित्रं. मेन्यूच्या पार्श्वभूमीला देवळाचा फोटो लावला. त्यावर बुवांचं नाव आधीच दुसरीकडे मराठीत टाइप करून चित्र बनवून घेतलं होतं. मेन्यूतली अक्षरं कडेला नेऊ नका, पिक्चर ट्यूबचा टीव्ही कडा खातो.

पहिली डीव्हीडी गावी लागली आणि त्या रात्री आईचा फोन आला, चित्र छान आहे म्हणून. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः फोन केला. "हात माझो आसा, पण थाप माझी नाय," म्हणाले. मला आधी कळेचना. मग मीही घरी तीच फाइल लावून शेवटपर्यंत बघितली. पहिल्या अभंगाला सगळं बरोबर. 40 मिनिटांनी गजर टिपेला पोचतो तिथे बाबांची बोटं शाईवर पडून उचललीसुद्धा जातात आणि 'धा' नंतर ऐकू येतो. गाणाऱ्याचे ओठ थोडे मागेपुढे झाले तर चालून जातं, पण पखवाजात ते लपत नाही. ज्याने तो वाजवला त्याच्यापासून तर नाहीच नाही.

मी सगळा राग डीव्हीडीस्टायलरवर काढला. या अनुभवाचा पहिला खर्डा लिहिला होता त्यात 'हे वापरू नका' असंच होतं. मग डीव्हीडी फ्लिक हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरून बघितलं. त्याची आवृत्ती 2009ची, आणि तिथेही थाप मागेच. तेव्हा मी डीव्हीडी आणि वही घेऊन बसलो. 5 रेकॉर्डिंग तपासली आणि लक्षात आलं, की दुपारच्या सप्ताहातली दोन अगदी बरोबर आहेत आणि रात्रीच्या मांडवातली तिन्ही घसरलेली. फाइलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फाइली टाकल्या. फ्रेम रेटसमोर लिहिलं होतं: व्हेरिएबल, म्हणजे बदलता.

अंधार असला की मोबाइल सेकंदाच्या 30 फ्रेम सोडून कमी फ्रेम घेतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड जास्त मिळतो. मध्येच हॅलोजनसमोर कॅमेरा फिरला की पुन्हा वाढवतो. आवाज मात्र एकसारखा नोंदला जातो. डीव्हीडीला ठोक 25 फ्रेम लागतात, आणि अशी वर-खाली होणारी फाइल बदलताना हिशेब हळूहळू चुकत जातो. दोष मुळात फाइलीचा होता. डीव्हीडीस्टायलरने तिथे नुसती सूचना दिली असती, तर माझ्या 6 डीव्हीडी आणि दीड महिना वाचला असता. ही तक्रार माझी अजून आहे.

उपाय असा. फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची (तेही फुकट). व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट 25 करायचा आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडायचं. क्वालिटी 18च्या आसपास ठेवायची (इथे आकडा लहान तितकं चित्र चांगलं), कारण फाइल पुन्हा एकदा बदलली जाणार आहे. तयार झालेली फाइल मग डीव्हीडीस्टायलरमध्ये घ्यायची. माझ्या लॅपटॉपवर हे रात्री लावून झोपावं लागतं. थेट मारूही नका, आधी आयएसओ (अख्ख्या डीव्हीडीची एकच फाइल) काढा, व्हीएलसीमध्ये लावा आणि शेवटची 10 मिनिटं बघा. सुरुवात बघून काहीही कळत नाही.

बाकी थोडक्यात. 4.7 जीबीची डीव्हीडी कॉम्प्युटरवर 4.38 दिसते, घाबरू नका. एका डीव्हीडीत 90 मिनिटं ठेवा, बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) साडेसहा मेगाबिटपर्यंत मिळतो. 2 तास कोंबले तर तो 5च्या खाली जातो आणि मांडवाच्या झालरी चौकोनी फुटायला लागतात. कोऱ्या डीव्हीडींत दोन प्रकार येतात: आमच्या जुन्या प्लेअरला डीव्हीडी-आर मानवली, डीव्हीडी प्लस-आरवर तो दोनदा अडकला. चाचणीसाठी एक आरडब्ल्यू ठेवा, पुसून पुन्हा वापरता येते. प्रत्येक गजराला चॅप्टर द्या.

आजवर 21 डीव्हीडी झाल्या. वाया गेलेल्या धरूनही रायटरसकट खर्च त्या दुकानाच्या दराने झाला असता त्याच्या निम्म्याहून कमी आहे. सुधारलेली पहिली डीव्हीडी शिमग्याला मी स्वतः घेऊन गेलो. बाबा टीव्हीच्या जवळ खुर्ची ओढून बसले. रिमोटवरचं 'नेक्स्ट' दाबत थेट शेवटच्या गजरावर गेले आणि मांडीवर बोटांनी सोबत वाजवायला लागले. गजर संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता एक बुवांका दी."